बिटच्या मागची चकती

भंगारात सापडणारं जुनं वेलर सोल्डरिंग स्टेशन बहुतेक वेळा अर्धवटच असतं. आयर्न असतं तर त्याला वीज पुरवणारा डबा नसतो. डबा असलाच तर तो अमेरिकेतला, 120 व्होल्टवर चालणारा. आपल्या 230 व्होल्टला जोडला की ट्रान्सफॉर्मर जळालाच म्हणून समजा. प्लग तर कुणीतरी आधीच कापून नेलेला असतो. तरीही हे यंत्र मिळतील त्या सुट्या भागांतून पुन्हा उभं राहतं आणि पूर्वीइतकंच नेमकं तापतं. आजच्या फार थोड्या यंत्रांबद्दल असं म्हणता येईल.

कार्ल वेलर हे पेनसिल्व्हानियातल्या ईस्टन गावचे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर. 1940च्या दशकात त्यांनी झटपट तापणारी सोल्डरिंग गन बाजारात आणली. त्यांच्या नावाच्या कंपनीने पुढे टीसीपी नावाचं आयर्न काढलं, आणि त्यातली ‘मॅग्नास्टॅट’ ही पद्धत मला आजही थक्क करते. तापमान आवरायला त्यात एकही ट्रान्झिस्टर नाही. बिट म्हणजे आयर्नचं तापणारं टोक; तिच्या मागच्या बाजूला खास मिश्रधातूची एक चकती असते, बस्स.

चुंबकाला चिकटणारा धातू ठरावीक तापमानाला पोचला की चिकटायचा थांबतो. पिएर क्युरी यांनी 1895 साली आपल्या प्रबंधात या गुणाचा अभ्यास मांडला, म्हणून त्या तापमानाला क्युरी तापमान म्हणतात. लोखंडाचं ते 770 अंश सेल्सिअस आहे, निकेलचं 358च्या आसपास. मिश्रधातूचं प्रमाण बदललं की हवं ते तापमान साधता येतं. आयर्नच्या नळीत स्प्रिंगवर एक छोटा चुंबक असतो. बिट गार असताना तो चकतीकडे ओढला जातो आणि मुठीतला स्विच लागतो. बिट तापली की चकतीची ओढ संपते, स्प्रिंग चुंबकाला मागे खेचते आणि करंट तुटतो. जरा निवलं की पुन्हा टिक. काम करताना ही टिकटिक बोटांनाही जाणवते.

म्हणूनच या आयर्नला तापमानाचं बटण नाही. बिटच्या मागे कोरलेला आकडा हेच तापमान: 6 म्हणजे 600 फॅरनहाइट, 7 म्हणजे 700, म्हणजे आपले 370 अंश सेल्सिअस. शिशाचं 63/37 सोल्डर 183 अंशांना वितळतं, त्यामुळे जुन्या बोर्डांवर मी 6 नंबरच पसंत करीन. ट्रॅक उखडण्याची भीती कमी.

आता डब्याकडे वळू. डब्यात असतो फक्त 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. आयर्न 48 वॅटचं, म्हणजे 2 अँपिअर लागणार. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत 12-0-12चा, 3 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर मागा. मधली तार नीट टेप लावून मोकळी सोडा. दोन टोकांमध्ये 24 व्होल्ट मिळतात. मेनच्या बाजूला 500 मिलीअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज घाला. प्लग-सॉकेट कोणत्याही घराण्याचं चालेल, फक्त ते 3 अँपिअर सोसणारं हवं. अर्थिंगला मात्र तडजोड नाही. बिटपासून थ्री-पिनच्या जाड पिनेपर्यंत मल्टिमीटरने सलगता तपासल्याशिवाय आयर्न चालू करू नये.

वीज देण्याआधी आयर्नही तपासून घ्या. बिट काढून तापकाच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावला तर काहीच दाखवत नाही, आणि नवखा माणूस एलिमेंट गेलं म्हणून आयर्न टाकून देतो. चुंबकाला ओढायला समोर चकतीच नाही, मग स्विच लागणार कसा? बिट बसवा, आतून टिक ऐकू येईल आणि आकडा 12 ओहमच्या आसपास येईल. खरा बिघाड बहुधा स्विचच्या कॉन्टॅक्टमध्ये निघतो. ते चिकटले तर बिट तापतच राहते, काळवंडते, सोल्डर धरत नाही. अशा वेळी घासाघासीत वेळ घालवू नये, स्विच बदलावा.

मिळतील ते भाग जोडण्याची अशी मोकळीक सगळ्या स्टेशनांत नसते. जपानच्या हाक्को कंपनीचं 936 घ्या. त्याच्या सिरॅमिक तापकातच सेन्सर असतो: साध्या तापमानाला तापक 2.5 ते 3.5 ओहम, सेन्सर 43 ते 58 ओहम. दिसायला हुबेहूब अशा काही स्वस्त हँडलमध्ये मात्र थर्मोकपल असतं, अवघ्या काही ओहमचं. ते 936ला जोडलं की सर्किटला वाटतं बिट गार आहे, आणि ते तापवतच सुटतं. तिथे सेन्सर आणि सर्किट ही जोडी मोडता येत नाही. वेलरमध्ये मोजणारा आणि ठरवणारा दोघेही आयर्नमध्येच आहेत, म्हणून बाकीचं काहीही परकं चालतं.

परकी चालत नाही ती बिट. मागे साधं लोखंड लावलेली नक्कल बसवली, तर 770 अंशांपर्यंत चुंबक सुटणारच नाही आणि त्याआधी एलिमेंट जाईल. तेव्हा जुन्या बाजारात हे आयर्न दिसलं तर डब्याची चौकशी नंतर करा. आधी बिट काढून तिच्या मागचा आकडा वाचा, ती परत बसवून टिक ऐका, आणि दोन्ही ठीक असेल तर आयर्न घ्या. डबा घरी बनतो.