डालेम : बर्लिनच्या एका उपनगराची हकीकत

कै. डॉ. इरावतीबाई कर्वे यांच्यासंबंधीं जें लिहिलें जातें त्यांत, त्यांनीं ‘बर्लिन येथें’ मानववंशशास्त्राचा अभ्यास करून पदवी मिळविली, असा उल्लेख नेहमीं येतो. उल्लेख खोटा नाहीं. पदवी बर्लिनच्या विश्वविद्यालयाचीच होती. परंतु ज्या जागीं बसून त्यांनीं कवट्या मोजिल्या ती जागा शहराच्या भर वस्तींत नसून नैर्ऋत्येस डालेम नांवाच्या उपनगरांत होती. आणि हें डालेम काय प्रकारचें स्थळ होतें हें समजल्यावांचून त्या प्रबंधाचें खरें मोल ध्यानांत येत नाहीं, असें आमचें मत आहे. म्हणून त्या स्थळाची हकीकत येथें देतों.

डालेम मूळचें एक लहानसें खेडें. चौदाव्या शतकांत सम्राट चौथा कार्ल याच्या आज्ञेनें ब्रांडेनबुर्ग प्रांताची जी गांववार जमाबंदी लिहिली गेली (इ. स. १३७५), तींत याचें नांव सांपडतें. सेंट ॲनचें जुनें विटांचें देऊळ आणि जमीनदाराचा वाडा हीं त्या खेड्याचीं दोन प्राचीन चिन्हें अद्याप उभीं आहेत. इ. स. १६७१ पासून सुमारें सव्वाशें वर्षें हें गांव फॉन विल्मर्सडोर्फ या घराण्याकडे होतें. या काळांत नोंद घेण्याजोगें येथें फारसें घडलें नाहीं. पुढें इ. स. १८३२ मध्यें प्रशियाच्या सरकारनें बर्लिनपासून ऱ्हाइन नदीवरील कोब्लेन्ट्सपर्यंत हालत्या हातांच्या खांबांनीं खुणेचे संदेश पाठविण्याची सोय केली. तिच्या सुमारें साठ ठाण्यांपैकीं दुसरें ठाणें डालेमच्या देवळावर होतें. विजेची तार आल्यावर १८४९ मध्यें ही सोय बंद पडली. राजधानीची दृष्टि या खेड्यावरून जात होती, परंतु खेड्यावर थांबत नव्हती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

खरा फरक पडला तो इ. स. १८४१ मध्यें. त्या वर्षीं प्रशियाच्या सरकारनें ही सारी जमीन विकत घेतली. आपल्याकडील भाषेंत बोलावयाचें तर गांव खालसा झाला. ही गोष्ट दिसावयास लहान, पण पुढील सर्व इतिहासाचें मूळ हिच्यांत आहे. बर्लिन वाढूं लागलें तेव्हां शेजारच्या शनेबेर्ग गांवच्या कुणब्यांनीं आपापलीं शेतें घरें बांधणारांस विकलीं व कांहींजण एका पिढींत लक्षाधीश झाले. तेथें पांचमजली चाळी उठल्या. डालेमांत विकणारा कुणबीच नव्हता. मालक एकच, आणि तो सरकार. त्यामुळें शहर येऊन भिडलें तरी येथें बटाटे व राय यांचीं शेतें मोकळीं राहिलीं, आणि या मोकळ्या जमिनीचें काय करावयाचें हें ठरविणें एका कचेरीच्या हातीं राहिलें.

त्या कचेरींत वजन असलेला पुरुष म्हणजे शिक्षणखात्याचा अधिकारी फ्रीड्रिख आल्टहोफ. इ. स. १९०१ मध्यें या जमिनीचे भाग पाडण्यासाठीं कमिशन नेमलें गेलें. बहुतेक भाग बंगल्यांसाठीं श्रीमंतांस विकावयाचा होताच. पण कांहीं भाग शास्त्रीय संस्थांसाठीं राखून ठेवावा, व येथें जर्मनीचें ऑक्सफर्ड उभारावें, असा आल्टहोफ याचा आग्रह होता. तो १९०८ मध्यें वारला. योजना मात्र वारली नाहीं. शनेबेर्ग येथील राजकीय वनस्पत्युद्यान १८९७ ते १९१० या काळांत याच जमिनीच्या पूर्वेकडील कडेस हलविण्यांत आलें. १९१३ मध्यें भुयारी आगगाडी आली. तिचें ‘डालेम गांव’ हें स्थानक लांकडी चौकटीच्या भिंतींचें व गवतानें शाकारलेलें बांधलें आहे. विजेच्या गाडींतून उतरणाऱ्या प्राध्यापकास आपण खेड्यांतच राहतों असें वाटावें, हाच त्यांतील हेतु असावा. नाहीं तर भुयारी गाडीस गवताचें छप्पर कशास?

आमच्या वाचकांस विशेष कौतुक वाटेल तें येथील दफ्तराचें. प्रशियन राज्याचें खास दफ्तर १९२४ मध्यें डालेमांतील नव्या इमारतींत आलें. दुसऱ्या महायुद्धांत बाँबच्या भयानें त्याचे रुमाल मिठाच्या खाणींत नेऊन ठेविले होते. युद्धानंतर ते पूर्व जर्मनींत मेर्झेबुर्ग येथें राहिले, आणि दोन जर्मनी एक झाल्यावर, १९९३-९४ च्या सुमारास, पुन: डालेमास आले. पेशवे दफ्तराच्या फेऱ्या ज्यांस ठाऊक आहेत त्यांस या प्रवासाचें नवल वाटणार नाहीं.

इ. स. १९११ मध्यें कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षाच्या आक्टोबरांत तिच्या पहिल्या दोन शाळा, रसायनाची व भौतिक रसायनाची, डालेमांत उघडल्या. उद्घाटनास स्वत: बादशहा आला होता. पैसा बव्हंशीं धनिकांचा होता, पण जमीन सरकारची व आश्रय बादशहाचा. या मिश्रणाचें फळ लौकरच दिसलें. १९१४ मध्यें युद्ध पेटतांच भौतिक रसायनशाळेचा मुख्य फ्रिट्स हाबर यानें आपली शाळा सैन्याच्या सेवेस लाविली, आणि २२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्र येथें त्याच्या देखरेखीखालीं क्लोरीन वायु शत्रूवर सोडण्यांत आला. त्याची पत्नी क्लारा ही स्वत: रसायनशास्त्राची डॉक्टर होती. तिनें मेच्या आरंभीं डालेमांतील घराच्या बागेंत आपणांस गोळी घालून घेतली. याच हाबरास, तो जन्मानें यहुदी असल्यामुळें, १९३३ च्या नव्या राजवटींत आपली जागा सोडावी लागली. शेजारच्या रसायनशाळेंत डिसेंबर १९३८ मध्यें ओटो हान व फ्रिट्स श्ट्रासमान यांस युरेनियमचा अणु फुटल्याचा पुरावा मिळाला. त्यांची सहकारी लीझे माइटनर हिला पांच महिन्यांपूर्वींच देश सोडून पळावें लागलें होतें.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. सप्टेंबर १९२७ मध्यें ईने रस्त्यावर २२ क्रमांकाच्या इमारतींत मानववंश, आनुवंशिकता व सुप्रजनन यांची शाळा उघडली. तिचा मुख्य ऑयगेन फिशर. जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेंतील वसाहतींत मिश्र रक्ताच्या लोकांचीं मापें घेऊन त्यानें नांव मिळविलें होतें. शाळा उघडून फार दिवस झाले नव्हते तोंच पुण्याच्या इरावतीबाई त्याच्या हाताखालीं काम करूं लागल्या. फिशरची अटकळ अशी होती कीं, कवटीची उजवी व डावी बाजू यांतील असमानता युरोपीय लोकांत अधिक असावी, व तिचा संबंध त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशीं असावा. बाईंनीं १४९ कवट्या मोजिल्या आणि असा कांहीं वंशभेद मापांत दिसत नाहीं, असा निष्कर्ष लिहून दिला. असमानता सर्वत्र आहे; ती माणसामाणसांत कमीअधिक असते; वंशाशीं तिचा संबंध नाहीं. १९३० मध्यें त्यांस डॉक्टरेट मिळाली व त्या परत आल्या.

हा निष्कर्ष पुण्यांत बसून लिहिणें एक, आणि ईने रस्त्यावर, त्या गुरूच्या टेबलासमोर, त्याच्याच शाळेच्या कवट्यांवरून लिहिणें निराळें. यांतलें धैर्य पुढील दहा-पंधरा वर्षांचा वृत्तांत वाचल्याशिवाय कळत नाहीं. १९३३ नंतर हीच शाळा लोकांच्या वंशाविषयीं सरकारास दाखले देऊं लागली. नव्या राजवटीच्या डॉक्टरांस येथें शिक्षण मिळूं लागलें. १९४२ मध्यें फिशरच्या जागीं ओटमार फॉन फेर्शूअर आला. त्याचा शिष्य योझेफ मेंगेले यानें आउश्विट्स येथील छावणींतून ठार मारलेल्या माणसांचे अवयव याच शाळेकडे पाठविले. सरकारच्या शेतांत लाविलेलें विद्येचें झाड सरकार बदलतांच कोणतें फळ देऊं लागलें, तें यावरून दिसतें. त्याच गांवांत, सेंट ॲनच्या देवळाशीं संबद्ध असलेल्या पाद्री मार्टिन नीमोलर यास सरकारच्या धर्मांतील ढवळाढवळीस विरोध केल्याबद्दल १९३७ मध्यें पकडून नेण्यांत आलें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. नाहीं तर डालेमाचें चित्र एकांगी होईल.

युद्धानंतर डालेम अमेरिकन लोकांच्या ताब्यांतील भागांत आलें. शहराच्या रशियन भागांतील जुन्या विश्वविद्यालयांतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनीं व अध्यापकांनीं डिसेंबर १९४८ मध्यें येथें स्वतंत्र विश्वविद्यालय स्थापिलें, आणि ओसाड पडलेल्या जुन्या शाळांच्या इमारती त्यास मिळाल्या. ईने रस्त्यावरील ती इमारतही त्यांतच होती. तेथें राज्यशास्त्र शिकविलें जाऊं लागलें. तेथें काय झालें हें सांगणारी पाटी मात्र १९८८ मध्यें लागली.

इ. स. २०१४ मध्यें त्या इमारतीनजीक बांधकामासाठीं खणतांना मानवी हाडें निघाली. पुढील उत्खननांत सुमारें सोळा हजार तुकडे सांपडले. ते निदान ५४ माणसांचे होते. हाडें कोणत्या लोकांचीं हें ठरविण्यासाठीं त्यांची आणखी तपासणी करावी काय, असा प्रश्न निघाला. यहुदी, सिंटी व रोमा आणि आफ्रिकन वंशाचे लोक यांच्या प्रतिनिधींशीं विचारविनिमय होऊन ठरलें कीं करूं नये. तशी तपासणी म्हणजे त्या माणसांची पुन: वंशवार वांटणी करणेंच होय. २३ मार्च २०२३ रोजीं तीं सर्व हाडें डालेमाच्या वनस्मशानांत एकत्र पुरण्यांत आलीं.