बँकेचा वकील आणि आपला वकील

वहीच्या शेवटच्या पानावर तिनं आकडे मांडले होते. घराची किंमत 62 लाख. स्वतःचे 17 लाख, बँकेचं कर्ज 45 लाख. त्याखाली एक ओळ : लीगल वगैरे, 1 लाख.

पुण्यातल्या एका वकिलाच्या छोट्या ऑफिसात हे नवरा-बायको बसले होते. ती शाळेत शिकवते, तो खासगी नोकरीत. सिंहगड रस्त्यावर 1996 मध्ये उभ्या राहिलेल्या एका सोसायटीतला टू बीएचके त्यांनी पसंत केला होता. पहिलंच घर. वकिलानं वही आपल्याकडे ओढली आणि त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हा आकडा कुणी सांगितला?”

“एजंटनं. म्हणाले, लाखात सगळं होऊन जातं.”

वकिलानं त्याच पानावर नवी बेरीज मांडली. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के : मूळ 5, त्यावर स्थानिक संस्थेचा अधिभार 1 आणि मेट्रोचा 1. म्हणजे 4 लाख 34 हजार. नोंदणी फी 1 टक्का असते, पण 30 लाखांच्या वरच्या व्यवहाराला ती 30 हजारांवर थांबते. एकूण 4 लाख 64 हजार, आणि यात वकिलाचा एक रुपयाही नाही. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले.

पहिलं घर घेणाऱ्यांची गल्लत बहुतेक वेळा इथंच होते. ‘लीगल’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या लोकांचे पैसे असतात. काही सरकारचे, काही बँकेचे, काही सोसायटीचे किंवा बिल्डरचे आणि काही वकिलाचे. सरकारच्या पैशांत घासाघीस होत नाही. बँक तिचे पैसे परस्पर कापून घेते. वकिलाची रक्कम या सगळ्यांत लहान असते, आणि नेमकं तिथंच माणूस हात आखडता घेतो.

मुद्रांक शुल्काचा हिशोब ठरलेल्या किमतीवर होतोच असं नाही. सरकारचे वार्षिक बाजारमूल्य दर असतात, त्यांना सगळे रेडी रेकनर म्हणतात. करारातली किंमत आणि रेडी रेकनरनं येणारी किंमत, यांत जी जास्त तिच्यावर शुल्क. इथं करारातली किंमत जास्त होती, म्हणून हिशोब 62 लाखांवर झाला.

मग वकिलानं विचारलं, “घर कुणाच्या नावावर घेताय?”

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून राहत्या घराची खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल, तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. दस्तात नवऱ्याचंही नाव घातलं, की सवलत गेली. या व्यवहारात 1 टक्का म्हणजे 62 हजार. पण वकिलानं लगेच दुसरी बाजूही सांगितली. जुन्या करपद्धतीत गृहकर्जाच्या व्याजाची वजावट घराच्या मालकालाच मिळते. नुसता सहकर्जदार असून भागत नाही. “घरी बसून ठरवा,” तो म्हणाला. चार दिवसांनी दोघं परत आले. घर तिच्या नावावर, तो सहकर्जदार. शुल्क 3 लाख 72 हजारांवर आलं.

वकिलाची फी ठरली 20 हजार. त्यात तीस वर्षांचा शोध, साठेखत आणि खरेदीखताचा मसुदा, आणि नोंदणीच्या दिवशी हजर राहणं. नवऱ्यानं 15 करून बघितले. एजंटची दलाली एक टक्का, म्हणजे पुन्हा 62 हजारच; तिच्याबद्दल मात्र तो काही बोलला नव्हता. मग त्यानं मनातलं विचारलं : “बँकेचा वकील टायटल बघणारच आहे ना? त्याचेही पैसे आमच्याकडूनच घेतात. मग दुसरा वकील कशाला?”

हा प्रश्न साधा आहे आणि पहिलं घर घेणाऱ्या प्रत्येकानं तो विचारायला हवा. बँकेच्या पॅनेलवरचा वकील अहवाल लिहितो तो बँकेसाठी. त्याला बघायचं असतं, की 45 लाखांना हे घर तारण म्हणून पुरेसं आहे का. घरावरून पुढं वाद झाला तरी हप्ते कर्जदाराच्याच मानेवर राहतात. आणि पहिले 17 लाख अडकतात ते त्यांचे, बँकेचे नाहीत. शिवाय बँकेचा वकील कागद हातात घेतो तोवर बहुतेक वेळा विसार देऊन झालेला असतो.

शोध म्हणजे काय, हे या जोडप्यानं जवळून पाहिलं. नोंदणी विभागाला वर्षाला 25 रुपयांप्रमाणे 30 वर्षांचे 750 रुपये भरले. एवढ्या पैशांत त्या मिळकतीवर तीस वर्षांत काय काय नोंदलं गेलं ते बघता येतं. वकिलाच्या टेबलावर कागद सनावळीनं लावले जात होते : बिल्डरनं पहिल्या मालकाला करून दिलेला करारनामा, त्याचा इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), सोसायटीचं भागपत्र, जुन्या कर्जाची नोंद आणि ते फिटल्याचं पत्र. भागपत्राच्या मागच्या बाजूला हस्तांतराचा रकाना असतो. तिथं पहिल्या मालकाच्या नावाखाली त्याच्या पत्नीचं नाव आलं होतं. सोसायटीचा शिक्का, चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या, तारीख, सगळं व्यवस्थित. वकील त्या रकान्यावर बराच वेळ थांबला.

विकणाऱ्या काकू ऑफिसात आल्या तेव्हा त्यानं विचारलं, “काकू, काका गेल्यावर मुलांची हक्कसोडपत्रं केली होती का?”

“ती कशाला? सोसायटीनं घर माझ्या नावावर केलंय की. यांनी नॉमिनेशन माझंच ठेवलं होतं.”

महाराष्ट्रातल्या कितीतरी सोसायट्यांमधल्या घरांची ही गोष्ट आहे. नॉमिनेशनमुळे सोसायटीला पत्रव्यवहार कुणाशी करायचा ते कळतं. त्यानं मालकी ठरत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 लागतो आणि पत्नी, मुलगा, मुलगी यांचा वाटा सारखा असतो. काकूंना मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला सासरी. म्हणजे त्या फ्लॅटच्या तीन भागांतला एकच भाग काकूंचा होता, आणि खरेदीखतावर सही मात्र त्या एकट्याच करणार होत्या.

काकू दुखावल्या. “माझी मुलगी का माझ्यावर केस करणार आहे?” वकिलानं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाला, “ती नाहीच करणार, काकू. पण दहा वर्षांनी ही मंडळी घर विकायला जातील, तेव्हा त्यांचं गिऱ्हाईक हाच कागद मागेल. तेव्हा तुम्हाला कुठं शोधायचं?” मुलगी नाशिकहून आली. दोन्ही मुलांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून दिलं. कुटुंबात मोबदल्याशिवाय होणाऱ्या अशा दस्ताला मुद्रांक नाममात्र लागतो. तीन आठवडे गेले. तोवर वकिलानं विसाराचा एक रुपयाही देऊ दिला नाही. त्याचे 20 हजार खरं म्हणजे याच तीन आठवड्यांचे होते.

नवीन इमारतीत घर घेणाऱ्यांपुढं वेगळा कागद येतो. बिल्डरच्या कॉस्ट शीटवर ‘लीगल चार्जेस’ अशी ओळ असते. करारनाम्याचा मसुदा, सोसायटीची स्थापना, अभिहस्तांतरण यांसाठी बिल्डरच्या वकिलाला जाणारे हे पैसे. ते देणाऱ्याचा तो वकील होत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटीही लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर 1 टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घरावर तो नाही. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. रेरा कायद्याचं कलम 13 तसं स्पष्ट सांगतं. जीएसटीचीच आणखी एक बारीक बाब : वकिलानं साध्या घरमालकाला दिलेल्या सेवेवर हा कर नाही. बिलात 18 टक्के लावलेले दिसले, तर विचारावं.

नोंदणीचा दिवस. दुय्यम निबंधकाचं कार्यालय, पुण्याच्या भाषेत हवेली क्रमांक अमुक. साठेखतावरच पूर्ण मुद्रांक भरायचा असल्यानं चलन आधीच ऑनलाइन काढलेलं; एकदा इथं भरलं, की पुढच्या खरेदीखताला पुन्हा 6 टक्के लागत नाहीत. बाकांवर टोकन धरून बसलेली माणसं, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या हातात पॅनकार्डाच्या झेरॉक्सची चळत. ऑपरेटरनं दस्ताच्या पानापानावर शिक्का मारायला सुरुवात केली : वर कार्यालयाची अक्षरं, मध्ये दस्त क्रमांक, खाली पान क्रमांक. पानांच्या संख्येवर हाताळणी शुल्क असतं, म्हणून वकिलानं मसुद्यातली तीच तीच कलमं आधीच छाटली होती.

काकूंचा अंगठा उमटेना. यंत्रावर दोनदा, तीनदा. वकिलानं खिशातला रुमाल ओला करून दिला, त्यांनी अंगठा पुसला, आणि पडद्यावर रेषा आल्या. मग अधिकाऱ्यानं विचारलं, “हा दस्त तुम्ही स्वखुशीनं करून दिलाय? पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले?” काकूंनी “हो” म्हटलं, आणि मग थांबून विकत घेणाऱ्या मुलीकडे बघितलं. ओळख द्यायला आलेले दोघं पुढं झाले. ती कॅमेऱ्यासमोर बसली. नवरा दस्तात नव्हता, म्हणून तो चौकटीबाहेर, भिंतीला टेकून उभा होता.

खर्चाची वही अजून मिटलेली नव्हती. किंमत 50 लाखांच्या वर असल्यामुळे विकणाऱ्याच्या पैशांतून 1 टक्का आयकर कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. पुन्हा 62 हजार. हे कापायचं राहिलं तर व्याज आणि दंड घेणाऱ्याच्या मागं लागतात. बँकेकडं मूळ कागद ठेवल्यावर 30 दिवसांत ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दाखल करावी लागते, तिला कर्जाच्या 0.3 टक्के मुद्रांक, इथं 13 हजार 500, आणि वर दाखल करण्याचं शुल्क.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी हस्तांतराचे 50 हजार सांगितले होते, ‘बिल्डिंग फंडाला मदत’ म्हणून. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा 25 हजार आहे, 9 ऑगस्ट 2001 च्या शासन परिपत्रकापासून. वकिलानं त्या परिपत्रकाची प्रत दिली आणि भांडू नका, फक्त पावती मागा, असं सांगितलं. ती एकटीच सोसायटीच्या ऑफिसात गेली. सेक्रेटरींनी परिपत्रक वाचलं, चष्मा काढला, आणि 25 हजारांची पावती फाडली.

वहीच्या त्या पानावर ‘लीगल वगैरे, 1 लाख’ ही ओळ तिनं खोडली नव्हती. तिच्याखाली वेगवेगळ्या शाईत नऊ ओळी वाढल्या होत्या. इंडेक्स टूची एक प्रत तिनं त्याच वहीत घालून ठेवली. विजेचं मीटर आणि मिळकतकर अजून काकांच्याच नावावर होते, आणि त्या दोन अर्जांसाठी तिनं शाळेतून शनिवारची अर्धी रजा काढली होती.