सामर्थ्य, अधिकार आणि माणसाचे मोल : अद्भुतिकेतील ‘स्क्विब’

अद्भुत साहित्याच्या मीमांसेत त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली केलेली मांडणी पायाभूत मानली जाते. घडलेली घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याविषयी वाचकाच्या मनात टिकून राहणारी द्विधा हे त्यांनी अद्भुताचे व्यवच्छेदक लक्षण ठरवले. जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटर मालिका किंवा अर्सुला ल ग्विन यांच्या ‘अर्थसी’ द्वीपसमूहाच्या कथा यांना मात्र हे लक्षण लागू पडत नाही. तेथे जादू ही त्या जगाच्या निसर्गनियमांचाच भाग असते. तिच्या खरेपणाविषयी कोणालाच शंका नसते. त्यामुळे मूळ प्रश्नच पालटतो. जादू खरी की भास, हे विचारण्याचे कारण उरत नाही. ती कोणाच्या वाट्याला आली, कोणाच्या नाही, आणि जिच्या वाट्याला आली नाही त्या व्यक्तीचे मोल काय, हे प्रश्न पुढे येतात. अद्भुत हे येथे जमीन किंवा विद्या यांसारखे वाटपाचे द्रव्य बनते, आणि जेथे वाटप आले तेथे प्रतिष्ठा आणि पूर्वग्रह हेही आलेच.

१९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या सात हॅरी पॉटर कादंबऱ्यांचे वाचन सामान्यतः पूर्वग्रहविरोधी साहित्य म्हणून केले जाते, आणि ते निराधार नाही. जादूगार नसलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या जादूगारांना शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणारी घराणी ‘मड्‌ब्लड’ म्हणून हिणवतात. चिखल आणि रक्त जोडून बनलेली ही शिवी युरोपच्या इतिहासातूनच आलेली आहे. टोलेडो येथे १४४९ साली ‘रक्तशुद्धी’च्या आधारे धर्मांतरित ज्यूंच्या वंशजांना अधिकारपदांतून वगळण्यात आले, १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी आजी-आजोबांची गणना करून माणसांची प्रतवारी लावली. भारतीय वाचक या शिवीत जातिभेद पाहतो, हे स्वाभाविक आहे. तथापि, ही तुलना जपून केली पाहिजे. हॉगवर्ट्स विद्यालयात शुद्ध रक्ताचे आणि मगल कुळातले विद्यार्थी एकाच पंगतीत जेवतात, एकाच शयनगृहात झोपतात. विटाळाची कल्पना तेथे शब्दांत असली तरी व्यवहारात जवळजवळ नाही. ज्या समाजात पाणवठाही वेगळा होता, त्या समाजाचे चित्र म्हणून ही संहिता अपुरी पडते.

खरा प्रश्न मात्र संहिता या पूर्वग्रहाचे खंडन कोणत्या मार्गाने करते, हा आहे. खंडन होते ते हर्मायनी ग्रेंजरच्या गुणवत्तेने. दंतवैद्य आईबापांची ही मुलगी आपल्या वर्गात सर्वांत हुशार जादूगार ठरते आणि रक्ताचा सिद्धांत खोटा पडतो. युक्तिवाद असा : सामर्थ्य जन्मावर अवलंबून नाही, म्हणून जन्मावरून मोल ठरवू नये. या युक्तिवादातील मोजमापाला मात्र धक्का लागत नाही. मोल सामर्थ्यावरूनच ठरते. फक्त ते सामर्थ्य कोठेही उगवू शकते, एवढेच सिद्ध होते. मग ज्याच्यात ते उगवलेच नाही, त्याचे काय?

जादूगार घराण्यात जन्मूनही ज्याला जादू येत नाही त्याला या जगात ‘स्क्विब’ म्हणतात. विद्यालयाचा रखवालदार अर्गस फिल्च हा स्क्विब असल्याचे दुसऱ्या कादंबरीत (१९९८) उघड होते, आणि तेही पत्रद्वारे जादू शिकवणाऱ्या एका अभ्यासक्रमाचे त्याच्या नावाने आलेले पाकीट हॅरीच्या नजरेस पडल्यामुळे. म्हातारपणाकडे झुकलेला एक माणूस, ज्या विद्यालयात तो फरश्या पुसतो तेथे अकरा वर्षांच्या मुलांना सहज येणारी गोष्ट चोरून, टपालाने, पैसे भरून शिकू पाहत आहे : या प्रसंगात एका स्वतंत्र करुण कथेचे बीज आहे. संहिता त्याला विनोदाच्या अंगाने हाताळते. रॉनला हसू येते, आणि वाचकालाही यावे अशीच योजना आहे. फिल्च खाष्ट आहे, मुलांना शिक्षा करण्यात त्याला सुख वाटते; त्यामुळे त्याच्या उणिवेला हसताना वाचकाच्या मनाला टोचणी लागत नाही.

याहून अस्वस्थ करणारा प्रसंग नेव्हिल लाँगबॉटमचा आहे. हा मुलगा स्क्विब तर नाही ना, या भयाने त्याचे एक आजोबा त्याच्यातली जादू बाहेर काढण्यासाठी त्याला ब्लॅकपूलच्या धक्क्यावरून पाण्यात ढकलतात. पुढे आठव्या वर्षी पाय धरून माडीच्या खिडकीबाहेर लोंबकळत धरतात आणि चुकून सोडतात. नेव्हिल चेंडूसारखा उसळत बागेतून रस्त्यापर्यंत जातो. आजीला आनंदाश्रू येतात, आजोबा खूश होऊन त्याला बेडूक घेऊन देतात. हे सारे पहिल्याच कादंबरीत, मेजवानीच्या गप्पांत, गंमत म्हणून सांगितले जाते. तो उसळला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न पंगतीत कोणीही विचारत नाही.

पाचव्या कादंबरीत (२००३) अरबेला फिग या वृद्ध स्त्रीची साक्ष येते. न्यायसभेसमोर तिला प्रथम स्वतःचे अस्तित्वच सिद्ध करावे लागते, कारण स्क्विबांची नोंद मंत्रालयाच्या दप्तरात नसते. मग स्क्विबांना डिमेंटर दिसतात का, अशीही शंका घेतली जाते. शत्रुत्वालाही एक प्रकारची दखल लागते. मगल कुळातल्या जादूगारांचा छळ करण्यासाठी सातव्या कादंबरीत नोंदणी आयोग स्थापन होतो. स्क्विबाला तीही दखल मिळत नाही.

येथे मराठीतील ‘अधिकार’ हा शब्द उपयोगी पडतो. सत्ता, हक्क आणि पात्रता हे तिन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात, आणि रोलिंग यांच्या जगाची गाठ नेमकी तेथेच आहे. केवळ सामर्थ्य हाच निकष असता तर घरगडी एल्फांना मान मिळायला हवा होता. ते कांडीवाचून जादू करतात. जेथे जादूगारांना अंतर्धान पावता येत नाही तेथे त्यांना पावता येते. तरीही ते गुलाम आहेत, आणि कायद्याने कांडी बाळगण्यास त्यांना मनाई आहे. म्हणजे एल्फाजवळ सामर्थ्य आहे पण अधिकार नाही. फिल्चजवळ कूळ आहे पण सामर्थ्य नाही. या दोघांना शेजारी उभे केले की व्यवस्थेचे खरे स्वरूप दिसू लागते. हर्मायनी एल्फांच्या मुक्तीसाठी संघटना काढते. फिल्चसाठी कोणीही काढत नाही, तीही नाही.

मगलांच्या बाजूने पाहिले तर पेट्युनिया डर्स्ली हे पात्र समीक्षेत दुर्लक्षित राहिलेले दिसते. सहा कादंबऱ्यांमध्ये ती जादूचा द्वेष करणारी कोत्या मनाची मावशी आहे. सातव्या कादंबरीत (२००७) कळते की लहानपणी, बहीण लिली हॉगवर्ट्सला निघाली तेव्हा, तिने आपल्यालाही प्रवेश मिळावा म्हणून डंबलडोर यांना पत्र लिहिले होते आणि त्यांनी ते सौम्य शब्दांत नाकारले होते. तिच्या पूर्वग्रहाचे मूळ असे नाकारलेल्या अर्जात सापडते. नकार कितीही प्रेमळ असला तरी त्यामागची व्यवस्था प्रेमळ नसते. मगल जगाची तुच्छता आणि जादूगार जगाची तुच्छता या एकाच दाराच्या दोन बाजू आहेत, हे मालिकेत अन्यत्र इतक्या स्पष्टपणे आलेले नाही. संहिता तेथे फार वेळ थांबत नाही, ही खंत आहे.

नोंदणी आयोगाचा सिद्धांत असा की जादू केवळ वंशपरंपरेनेच मिळते. म्हणून ज्याच्या कुळात जादूगार नाही, त्याने ती चोरलेलीच असणार. कादंबरीत हा सिद्धांत उघडउघड दुष्ट आणि हास्यास्पद आहे. आणि तरीही संहितेबाहेर स्पष्टीकरण देताना रोलिंग यांनी सांगितले की मगल कुळातल्या प्रत्येक जादूगाराच्या वंशवृक्षात, कित्येक पिढ्या मागे का होईना, एखादा जादूगार पूर्वज असतो. आयोगाचे गृहीतक येथे मान्यच झाले. फक्त हरवलेला पूर्वज शोधून देण्यात आला.

मराठी वाचकाला ही रचना अपरिचित नाही. महाभारतातील शस्त्रपरीक्षेच्या रंगमंडपात कर्ण अर्जुनाइतकेच कौशल्य दाखवतो, आणि कृपाचार्य त्याला कूळ विचारतात. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) आणि रणजित देसाई यांच्या ‘राधेय’ने (१९७३) या अपमानाला मराठी वाचकाच्या भावविश्वात मध्यवर्ती स्थान दिले. पराक्रमाने कुळावर मात करणारा नायक म्हणून कर्णाकडे पाहिले जाते. परंतु कथेचे रहस्य हेच की तो सूतपुत्र नाहीच, सूर्यापासून जन्मलेला कुंतीपुत्र आहे. कवचकुंडले ही त्याच्या पराक्रमाची कमाई नव्हे, जन्माची खूण आहे. सूताच्या घरी वाढलेला मुलगा अर्जुनाच्या तोडीचा कसा, या कोड्याचे उत्तर कथा अखेर जन्मातच देते. हर्मायनीच्या अज्ञात पूर्वजाचे कार्यही नेमके हेच आहे. एकलव्याला असे रहस्य लाभत नाही, आणि त्याच्या बाबतीत गुणवत्ता सिद्ध होणे हाच अपराध ठरतो.

संतचरित्रांच्या परंपरेत मात्र या मोजमापाला वेगळ्या रीतीने हात घातलेला आढळतो. पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्र मागण्यास गेलेल्या, संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत असलेल्या भावंडांची कथा सर्वज्ञात आहे. वेद बोलतो तो ज्ञानदेव नव्हे, रेडा. चमत्कार करणाऱ्याची थोरवी त्यात आहेच; पण ज्याला वेदांचा अधिकार कोणत्याही शास्त्राने दिला नसता त्याच्या मुखात कथा वेद घालते. अर्थात शुद्धिपत्राचा प्रश्न सुटतो तो चमत्कारानंतरच, हेही नजरेआड करता येत नाही.

ल ग्विन यांनी हा पेच अधिक दीर्घकाळ आणि अधिक प्रामाणिकपणे हाताळला. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे आणि गोरे कार्ग लोक परके आक्रमक आहेत. २००४ च्या दूरचित्रवाणी रूपांतरात गेडला गोरा केल्याबद्दल लेखिकेने जाहीर नापसंती व्यक्त केली होती. वर्णाविषयी इतकी सजग असलेली ही कथा स्त्रियांविषयी तशी नव्हती. रोक बेटावरील विद्यालय पुरुषांचे, आणि गावठी चेटकिणींची विद्या हलकी. अठरा वर्षांच्या खंडानंतर आलेल्या ‘तेहानू’ (१९९०) मध्ये लेखिकेने स्वतःच उभारलेल्या जगाची उलटतपासणी केली. ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) च्या अखेरीस सारे सामर्थ्य खर्ची घातलेला गेड येथे लज्जित होऊन परततो, माणसांना टाळतो आणि डोंगरावर शेळ्या राखतो. विधवा तेनार आणि आगीत होरपळलेली मुलगी थेरू यांच्या घरावर हल्ला होतो तेव्हा त्याच्या हाती मंत्र नसतो. गवत उचलण्याचा दाताळ असतो.

‘तेहानू’ही मोहातून पूर्णपणे सुटत नाही. शेवटी थेरू ड्रॅगनला हाक मारते, तो येतो, आणि विद्रूप म्हणून टाळली गेलेली ही मुलगी ड्रॅगनांचीच लेक असल्याचे उमगते. तिचे मोल तिच्या होरपळलेल्या देहासकट आधीच सिद्ध झालेले असताना कथेला ही दिव्य वंशावळ का लागावी? कर्णाचे कूळ येथेही परत आले आहे. गेडला मात्र काहीही परत मिळत नाही, आणि लेखिकेचे धैर्य तेथे दिसते. ‘द अदर विंड’ (२००१) च्या प्रारंभी, मृतांच्या स्वप्नांनी पछाडलेला ऑल्डर हा जादूगार समुद्र ओलांडून गेडचा सल्ला घ्यायला येतो. त्याच्याजवळ विद्या आहे, गेडजवळ नाही. तो पोहोचतो तेव्हा गेड शिडीवर चढून आलुबुखारे तोडत असतो.