रायगड, पुढच्या दाराने

मे महिना जवळ आला की आमच्या बदलापूरच्या मांजर्लीत थायलंडच्या सहलींची पत्रकं घरोघर पोचतात. जाऊन आलेले शेजारी अयुथ्थयाचे फोटो दाखवतात. सयामची ही जुनी राजधानी 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळली. चहूबाजूंनी नदी, मध्ये विटांचे पडके बुरूज. फोटो पाहताना माझ्या डोक्यात येतं ते एवढंच, की जळलेली राजधानी बघायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही. अयुथ्थयात राजा नाराय 1656 मध्ये गादीवर आला, आणि त्याच वर्षी शिवाजी महाराजांनी जावळीच्या मोऱ्यांकडून रायरीचा डोंगर घेतला. तोच पुढे रायगड झाला.

बदलापूरहून जायचे दोन मार्ग सोयीचे. गाडी असेल तर कर्जत, खोपोली, पाली करत वाकण फाट्याला मुंबई-गोवा महामार्गावर या. पुढे माणगाव, महाड. रेल्वेने जायचं तर लोकलने दिवा गाठा आणि दिवा-सावंतवाडी गाडीने माणगाव किंवा वीरला उतरा. महाडपासून गड पंचवीसेक किलोमीटर. आदल्या रात्री महाडला किंवा गडाच्या पायथ्याच्या पाचाडला मुक्काम करा. पहाटे बदलापूरहून निघून त्याच दिवशी गड 'उरकणं' जमतं, पण मग उरकणंच होतं.

आता खरा मुद्दा. पहिल्या खेपेला आम्ही रोपवेने गेलो. चार-पाच मिनिटांत वर. पाळणा सोडतो तो मेणा दरवाजाजवळ, म्हणजे राजवाड्याच्या खासगी अंगाला. समोर आधी राण्यांचे महाल, तेही नुसती जोती. मुलं म्हणाली, "बाबा, इथे काय बघायचं?" बरोबरच होतं त्यांचं. कुणाच्या घरी मागच्या दाराने शिरलं तर दिवाणखाना कसा कळणार?

म्हणून गुडघे ठीक असतील तर चढायचं पायऱ्यांनी आणि उतरायचं रोपवेने. पायऱ्या दीड हजारांच्या आसपास. दीड-दोन तास धरा. वाटेत ताक, काकडी, लिंबू सरबत मिळतं. पावसाळ्यात दगड निसरडे आणि वर धुकं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. 6 जूनला राज्याभिषेकाचा सोहळा अनुभवायला जरूर जा, पण त्या गर्दीत गड बघून होत नाही.

महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दोन थोराड बुरूज, एक 75 फुटी, दुसरा 65 फुटी, असे पुढेमागे घेतलेत की वाट त्यांच्यामध्ये वळून दारात शिरते. धावत येऊन धडक द्यायला जागाच नाही. इथे मागे वळून आपण चढलेली वाट बघा. आपण किती वेळ बुरुजाच्या माऱ्यात होतो ते तेव्हा कळतं.

पुढे हत्ती तलाव, मग गंगासागर. तलावांसाठी खोदलेला दगडच बांधकामाला वापरला, असं सांगतात. इतक्या उंचीवर राजधानी वसवायची तर पहिला प्रश्न पाण्याचा, तो गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आधी सोडवला. सगळे इथून पालखी दरवाजाने थेट वाड्यात घुसतात. तुम्ही थांबा. होळीच्या माळावर जा आणि नगारखान्यातून आत या. राजाला भेटायला येणाऱ्याने राजसदरेत शिरायचं ते इथूनच. 1674 च्या राज्याभिषेकाला आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन इथल्या प्रवेशाशी बांधलेले हत्ती बघून चकित झाला: एवढी जनावरं या वाटेने वर आणली कशी? अयुथ्थयाला व्यापाऱ्याचं गलबत नदीतून थेट नगराला लागायचं; इथे दरबारी वकिलालाही धापा टाकत चढावं लागलं.

नगारखान्यापासून सिंहासनाच्या जागेपर्यंत सदर सुमारे 220 फूट लांब. एकाला सिंहासनाच्या चौथऱ्याशी उभं करा, स्वतः नगारखान्यात थांबा. त्याने कागद फाडला तरी इकडे ऐकू येतं. माझ्या धाकट्याने तिकडून हळूच "भूक लागली" म्हटलं, ते स्पष्ट ऐकू आलं. छप्पर नसताना हे, तर दरबार भरलेला असताना कसं असेल! छप्पर गेलं ते 1818 च्या मे महिन्यात. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून इंग्रजांनी तोफा डागल्या, लाकूडकाम जळालं. म्हणून इथे जोती दिसतात, घरं नाहीत. जोत्यांवर लाकडाचे खांब मनाने उभे करायचे, एवढं काम बघणाऱ्याने करायचं.

बाजारपेठेत दोन रांगा, प्रत्येकी 22 दुकानं, मधे 40 फुटी रस्ता. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती उंच, ही गोष्ट तुम्हाला ऐकवली जाईलच. मला ती फारशी पटत नाही, कोकणच्या पावसाचं कारण जास्त पटतं. पेठ ओलांडून जगदीश्वराचं मंदिर आणि महाराजांची समाधी. टकमक टोकावर वारा असेल तर मुलांचा हात सोडू नका.

उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. पाचाडला जिजाबाईंचा वाडा आहे. गडावरची थंड हवा त्यांना मानवेना, म्हणून त्या खाली राहत. राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, 17 जून 1674 ला, त्या इथेच गेल्या. समाधीही जवळच आहे. वाड्यातल्या तक्क्याच्या विहिरीशी टेकायला दगडी तक्क्या आहे. तिथे पाय मोकळे करून बसा, महाडची एसटी येईपर्यंत.