झाकण लावले की मेला

यंत्राने बिघडावे तर कामाच्या भरात बिघडावे, अशी आपली एक समजूत असते. उतारावर गाडीचा ब्रेक जातो, भर हंगामात मोटर जळते, ओझे ओढताना बैल बसतो. ते समजण्यासारखे आहे. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत निमूटपणे राबलेला लॅपटॉप झाकण लावून निजवावा आणि तो निजेतच गतप्राण व्हावा, हे काही केल्या पटत नाही. ज्याला ‘आता काहीही करू नकोस’ एवढेच सांगितले, तो काहीही न करताना मोडतो कसा?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतल्या मंडळींना पडतो तसाच तो भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीलाही पडतो. किंबहुना लाखनीला तो अधिक टोचतो. मुंबई-कोलकाता महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. भोवताली धानाच्या बांध्या, मधूनमधून मालगुजारीच्या काळातले तलाव. अशा गावात लॅपटॉप ही चैनीची वस्तू आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने एखाद्या सेवा केंद्राच्या बाकावर तासभर बसून पाहावे. १ मे २०१८ पासून सातबारा डिजिटल स्वाक्षरीने मिळू लागला. २०१९ मध्ये पीएम-किसान योजना आली आणि पुढे तिच्यासाठी अंगठा लावून ओळख पटवणे आले. आधारभूत किमतीने धान विकायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी हवी. म्हणजे टेबलावरचा तो काळा डबा आज नांगर-वखराच्या रांगेत जाऊन बसला आहे. फरक इतकाच, की नांगर मोडला तर गावात सुतार-लोहार असतो. लॅपटॉप मोडला तर भंडारा वीस-बावीस किलोमीटर आणि नागपूर ऐंशीच्या घरात.

अशाच एका केंद्रचालकाच्या लॅपटॉपचे हे दुखणे. वादळवाऱ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे बॅटरी वाचवण्यासाठी गिऱ्हाईक नसले की झाकण लावायचे, ही त्याची सवय. शहाणी सवय. पण झाकण उघडल्यावर अर्धवट भरलेला अर्ज दिसण्याऐवजी कंपनीचे बोधचिन्ह दिसे, म्हणजे यंत्र नव्याने सुरू होई. कधी नुसता काळा पडदा आणि आत पंख्याची घरघर. ‘भाऊ, झाकन लावलं का मेला,’ एवढेच त्याचे निदान. दुकानदाराचे निदान याहून लांब आणि महाग होते: मदरबोर्ड गेला. जुन्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीचा खर्च त्याने सांगितला होता. आता गंमत अशी, की हाच मदरबोर्ड सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत विनातक्रार चालत होता. गेलेला मदरबोर्ड दहा तास इमाने काम करील आणि फक्त झोपताना गेल्याचे आठवेल, हे जरा विचित्रच नाही का?

उत्तर शोधायचे तर आधी संगणकाची झोप म्हणजे काय ते पाहावे लागते. आपल्याला वाटते की झोपणे म्हणजे थांबणे. संगणकाच्या बाबतीत मात्र झोपणे हे दिवसातले सर्वांत गुंतागुंतीचे काम आहे. झाकणाखालच्या चुंबकाची खूण मिळाली की ऑपरेटिंग सिस्टिम प्रथम चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांना आहे तिथे गोठवते. मग एकेका उपकरणाला निरोप जातो: आवरा. या आवरण्याला क्रम असतो. एखाद्या एकत्र कुटुंबात लहान पोरे आधी निजतात, मग त्यांची आई, आणि सर्वांत शेवटी आजोबा दाराला कडी लावून येतात, तसा. यूएसबीला जोडलेले यंत्र आधी, मग ते ज्यात खोचले आहे तो हब, मग यूएसबीचा नियंत्रक, मग त्याच्या वरची वाट. जागे होताना हाच क्रम उलटा. प्रत्येक उपकरणाच्या वतीने उत्तर देतो तो त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलण्यासाठी बनवणाऱ्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. ‘मी आवरले’ असे सगळ्यांनी सांगितल्यावरच प्रोसेसरची वीज तोडली जाते. मेमरी मात्र तेवढी जागी ठेवावी लागते, कारण अर्धवट अर्ज तिच्यातच असतो. मेमरीच्या चिपमधला विजेचा भार सारखा झिरपत असतो. तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरला नाही तर सगळे पुसले जाते. झोपलेल्या लॅपटॉपमध्ये हे भरणे रात्रभर चालू असते, बॅटरीच्या जिवावर.

आता कल्पना करा, की घरातले एक पोर निजतच नाही. हाक मारली तर ओ देत नाही. आजोबा कडी लावायला खोळंबलेले. विंडोज अशा वेळी काही मिनिटे वाट पाहते आणि मग स्वतःच सगळे थांबवून चूक जाहीर करते. या चुकीला ठरावीक नाव आणि क्रमांक आहे, ९एफ. ड्रायव्हरने वीज-अवस्था बदलण्याच्या निरोपाला वेळेत उत्तर दिले नाही, असा तिचा सरळ अर्थ. एके काळी ती निळ्या पडद्यावर दिसे. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये तो पडदा काळा केला. पण झाकण लावलेले असल्यामुळे निळा काय नि काळा काय, तो पाहायला कोणीच नसते. आपण उघडतो तेव्हा यंत्राने मरून दुसरा जन्म घेतलेला असतो.

हा घोटाळा आजचा नाही. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी विजेच्या काटकसरीची पहिली सामाईक पद्धत आणली. तिच्यात बराचसा कारभार मदरबोर्डवरच्या बायॉसच्या हाती होता. कोणता प्रोग्रॅम कुठे गुंतला आहे हे बायॉसला कळत नसे. तो आपला मध्येच दिवे मालवी. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ नावाचे नवे नियमपुस्तक काढले आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिली. पण सूत्रे दिली तरी गुपिते निर्मात्याकडेच राहिली. कोणता दिवा कोणत्या कळीने मालवायचा, याच्या सूचना प्रत्येक लॅपटॉपचा निर्माता एका सांकेतिक भाषेत लिहून बायॉसमध्ये ठेवतो आणि विंडोज किंवा लिनक्स त्या जशाच्या तशा पाळते. या सूचनांतच चूक असेल तर तिचा दोष कोणाला द्यायचा? तीन पक्षांचा संसार आहे हा: बायॉस लिहिणारा, ड्रायव्हर लिहिणारा आणि ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारा. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात आणि माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा दाखवतातच.

म्हणून शोध घ्यायचा तो पोलिसी शिस्तीने. पहिला प्रश्न: मृत्यू नेमका कधी झाला? झोपायला जाताना, झोपेत की उठताना? झाकण लावल्यावर दिवा लुकलुकू लागण्याऐवजी पंखा फिरतच राहिला तर तो झोपायला जातानाच अडकला. दिवा नीट लुकलुकत होता आणि तासाभराने पाहिले तर सगळे थंडगार, तर संशय बॅटरीवर. तिने दम तोडला आणि मेमरी पुसली गेली. ही चाचणी फुकट आहे. चार्जर लावून निजवा आणि काढून निजवा. चार्जर लावल्यावर दुखणे गेले तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे विंडोजची घटनांची वही, ‘इव्हेंट व्ह्यूअर’. तिथे बहुधा ‘कर्नल-पॉवर, ४१’ अशी लाल नोंद सापडते आणि माणूस हरखतो. हरखू नये. ही नोंद म्हणजे नुसता पंचनामा आहे. यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले होते, एवढेच ती सांगते. मारले कोणी, हे तिला ठाऊक नसते. ते असते ‘मिनीडंप’ नावाच्या फोल्डरमधल्या फायलीत. ती वाचायला मायक्रोसॉफ्टचे विनडीबीजी हे साधन फुकट मिळते. चुकीचा क्रमांक ९एफ असेल तर पुष्कळदा त्या फायलीत आडमुठ्या ड्रायव्हरचे नावच निघते.

फाईल सापडली नाही तर? मग काढत जाण्याची पद्धत. जोडलेले सगळे उपटा आणि निजवून पाहा. नीट निजला तर एकेक वस्तू पुन्हा लावा. लिनक्समध्ये यासाठी एक फार सुरेख सोय आहे. निजण्याच्या पायऱ्यांपैकी ठरावीक पायरीपर्यंतच जायचे, पाच सेकंद थांबायचे आणि परत फिरायचे. आधी फक्त प्रोग्रॅम गोठवून, मग उपकरणे आवरून, मग त्यापुढे. दिवाळीनंतर मंडईच्या रात्री नाटक उभे करणाऱ्या झाडीपट्टीला हे समजावून सांगायला नको. प्रयोगाच्या आधी अंकाअंकाची तालीम घेतली की कोणत्या अंकात नट अडखळतो ते कळतेच.

लाखनीच्या त्या केंद्रात तालीम घेतली तेव्हा प्रिंटर निर्दोष सुटला. माऊस सुटला. अडकले ते अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र. (रोवणीत चिखलात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात आणि चार-चारदा अंगठा लावूनही ठसा उमटत नाही, हे त्या यंत्राचे दुसरे आणि अधिक जुने गाऱ्हाणे. त्यावर वेगळे लिहावे लागेल.) हे यंत्र आधारच्या पडताळणीसाठी आहे. त्यामुळे त्याच्यासोबत एक प्रोग्रॅम पडद्यामागे अखंड चालू असतो आणि यंत्र जागेवर आहे ना, याची चौकशी करत राहतो. निजायची हाक आली तेव्हा जुना ड्रायव्हर त्या चौकशीतच गुंतलेला राही. यंत्र काढून झाकण लावले, दहापैकी दहा वेळा लॅपटॉप सुखाने निजला आणि उठला. लावून ठेवले की पुन्हा तेच.

इथे एक सापळा सांगितला पाहिजे. नवा ड्रायव्हर टाकल्यावर लॅपटॉप ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू केला की तो ताजा झाला, असे आपण धरून चालतो. २०१२ मधल्या विंडोज ८ पासून ते खरे नाही. लवकर सुरू होता यावे म्हणून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे बंद करतानाही विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. कालचा गोंधळ आज शिळ्या भातासारखा पुन्हा ताटात. खरी नवी सुरुवात हवी तर ‘रीस्टार्ट’ करावे. हे शब्द उलटे वाटतात खरे, पण आहे ते असे.

नव्या लॅपटॉपांची कथा आणखी वेगळी. विंडोज ८ च्या वेळी आणि मग २०१५ मधल्या विंडोज १० मध्ये कंपन्यांना वाटले की लॅपटॉपनेही मोबाइलसारखे अर्धवट जागे राहावे, टपाल आणावे, हाक मारताच ओ द्यावी. त्यामुळे मेमरी सोडून सगळ्याची वीज तोडणारी ती जुनी गाढ झोप अनेक नव्या लॅपटॉपांतून काढूनच टाकली गेली. ही नवी झोप म्हणजे गावातल्या रखवालदाराची डुलकी. कुत्रे भुंकले की जागा. पिशवीत घातलेला लॅपटॉप बाहेर काढला तर तापलेला आणि बॅटरी संपलेली, ही तक्रार तिथूनच आली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. अशा वेळी मोटारसायकलच्या डिकीत डुलक्या घेणारा लॅपटॉप ही काही सुखाची गोष्ट नव्हे. आपल्या लॅपटॉपला कोणती झोप येते ते पाहायचे असेल तर कमांडच्या काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘ए’ असे इंग्रजीत टंकावे. यादी समोर येते. प्रवासाला निघताना मात्र निजवण्याऐवजी ‘हायबरनेट’ करावे. त्यात मेमरीतले सगळे डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडली जाते. आटलेल्या तलावाच्या चिखलात पडून राहणाऱ्या बेडकासारखी ही झोप, काही न खाता-पिता. ड्रायव्हरच आडमुठा असेल तर हायबरनेटलाही तो आडवा येऊ शकतो, कारण आवरण्याचा निरोप त्याही वेळी जातोच. पण बॅटरी दुबळी असेल, किंवा डुलकीमुळे यंत्र तापत असेल, तर हाच उपाय खरा.

लाखनीच्या लॅपटॉपला अखेर मदरबोर्ड लागला नाही. ठसेयंत्राच्या निर्मात्याकडचा नवा ड्रायव्हर टाकला, बायॉसची सुधारित आवृत्ती चढवली (चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असताना, कारण हे काम चालू असताना वीज गेली तर मग मदरबोर्ड खरोखरच जातो), आणि झोपेतले मरण थांबले. बॅटरी मात्र बदलावी लागली, ती वेगळ्या कारणाने थकली होती.

प्रश्न पुढचा आहे. विंडोज १० ला मिळणारी मायक्रोसॉफ्टची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि अशा केंद्रांतले कितीतरी जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ठसेयंत्रे, प्रिंटर बदलत राहतील. त्यांचे नवे ड्रायव्हर नव्या विंडोजवर तपासून येतील, जुन्यावर तपासलेच जातील याची हमी नाही. त्या केंद्रचालकाने तूर्त एक पद्धत पाडली आहे. शेवटचा शेतकरी उठला की तो आधी ठसेयंत्राची वायर काढून खणात ठेवतो, अर्ज जतन करतो, दिवा लुकलुकू लागेपर्यंत थांबतो आणि मगच लॅपटॉप पिशवीत घालतो.