रेडिओची संध्याकाळ आणि डोकी मोजण्याचा हिशेब

१९४६ च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारवर पावाचे रेशनिंग करण्याची पाळी आली. ही पाळी युद्ध चालू असतानाही आली नव्हती. अशा टंचाईच्या दिवसांत, २९ सप्टेंबर रोजी सायंकाळी सहा वाजता, बी. बी. सी. ने ‘थर्ड प्रोग्रॅम’ नावाचे आपले तिसरे प्रसारण सुरू केले. सहापासून मध्यरात्रीपर्यंत नाटके, ऑपेरा, अभिजात संगीत आणि विद्वानांची भाषणे, एवढाच त्याचा शिधा.

आमच्या व्यापारी वाचकांस प्रथम हिशेब आठवेल. रेडिओच्या परवान्याची फी त्याच वर्षी दहा शिलिंगांवरून एक पौंड झाली होती, आणि ती गिरणीतला मजूरही भरीत होता. मग मूठभरांच्या ऑपेरासाठी सर्वांच्या गाठीचा पैसा का खर्चावा? आक्षेप पोरकट नव्हे. परंतु ऑपेरागृहाच्या दारात तिकिटाचा दर आडवा येतो, पोशाख आडवा येतो. रेडिओ यांपैकी काहीच विचारीत नाही. आमच्याकडेही नाटकगृहाची पायरी चढण्याची ज्या स्त्रियांस घरातून मुभा नव्हती, त्यांच्या माजघरात नाट्यसंगीत पोहोचले ते या यंत्रानेच. तेव्हा मूठभरांची मिरास मोडण्याचे साधन मूठभरांसाठी आहे असे म्हणणे आम्हांस उलटे दिसते.

या प्रसारणाचे खरे बळ घड्याळ न मानण्यात होते. ठराविक वेळच्या बातम्यांसाठी नाटक कापावयाचे नाही, असा त्याचा शिरस्ता. म्हणून शॉचे ‘मॅन अँड सुपरमॅन’ पहिल्याच आठवड्यात संपूर्ण ऐकविता आले. २८ मार्च १९४९ रोजी फ्रेड हॉइल यांनी येथेच भाषण करताना, स्वतःस अमान्य असलेल्या विश्वोत्पत्तीच्या मतास ‘बिग बँग’ म्हटले. आज तो शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी आहे. डिलन टॉमस यांचे ‘अंडर मिल्क वुड’ १९५४ साली व बेकेट यांचे ‘ऑल दॅट फॉल’ १९५७ साली प्रथम याच प्रसारणावर ऐकू आले. काही भाषणे पंडितांनी पंडितांसाठीच केलेली असत, हेही कबूल केले पाहिजे. अखेर डोकी मोजणाऱ्यांची सरशी झाली. १९५७ च्या शरदात तासांची मोठी काटछाट झाली. एलियट व व्हॉन विल्यम्स यांच्यासारख्यांनी विरोध करूनही ती टळली नाही.

त्याच सुमारास आमच्या देशात दुसऱ्या टोकाचा प्रयोग फसत होता. १९५२ पासून मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांस लगाम घातला. श्रोते निमूटपणे रेडिओ सिलोनकडे वळले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारास ‘विविध भारती’ काढावी लागली. याच केसकरांच्या कारकिर्दीत १९५२ च्या जुलैत सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र रुजला, कारण तेथे कोणाचे काही हिरावून न घेता चांगल्या गाण्यास पुरेसा वेळ दिला होता. हा भेद आमचे सुधारक पुष्कळदा विसरतात.

म्हणून आमचे मागणे बंदीचे नाही. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांनी आठवड्यातील एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. त्यातील निवडक पदे वारंवार कानी पडतात, पण पदांच्या मधले धैर्यधर-भामिनीचे बोलणे किती जणांनी ऐकले असेल? ते एकदा सर्व पदांसह, न कापता लावावे, आणि दोन अंकांच्या मध्ये त्या काळाविषयी जाणत्याचे पंधरा मिनिटांचे सुबोध भाषण ठेवावे.