सुट्टीत हात मळू द्या!

परीक्षा संपली, आता सुट्टीत करायचं काय? शिल्पकला आणि ज्वेलरी मेकिंगच्या वर्कशॉप्सच्या जाहिराती तुमच्याही मोबाइलवर येत असतीलच. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'तिथे मी स्वतःच्या हातांनी नेमकं काय करणार?'

तयार मणी ओवून कानातलं करायचं असेल, तर ते व्हिडीओ बघूनही जमतं. टेराकोटाचे झुमके मात्र माती मळण्यापासून शिकावे लागतात. माती सुकताना आकसते. घाईने कडक उन्हात ठेवली, की तडा गेलाच समजा! म्हणून आधी सावलीत सुकवायचं, मगच भट्टीत भाजायचं. हा धीर व्हिडीओ बघून येत नाही.

चांदीकाम शिकायचंय? शुद्ध चांदी फार मऊ असते, म्हणून स्टर्लिंग चांदीत ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं असतं. जोड द्यायला टॉर्चची आंच लागते. तेव्हा गॉगल मिळणार का, खोलीत हवा खेळती आहे का, हेही विचारून घ्या.

आठवडाभरात कुणी शिल्पकार किंवा कारागीर होत नाही. पण तडकलेला झुमका टाकून दुसरा करायला हात शिवशिवले, तर हा नाद सुट्टीपुरता नाही, हे ओळखा. मुंबईच्या, १८५७ पासूनच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला आणि धातुकाम दोन्ही शिकता येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत तर चांदीकामावर कित्येक घरं चालतात.

मग, कधी मळताय हात?